बर्फ संपलो

शेवटच्या साध्या दिवशी मी बाबांना ‘नाही’ म्हणायला शिकवत होते.

दुपारची वेळ होती. माडबन परमिट रूमच्या टेबलांवर खुर्च्या उलट्या ठेवल्या होत्या, फरशी नुकतीच पुसली होती आणि स्वयंपाकघरातून तळलेल्या बांगड्याचा वास येत होता. बाबा काउंटरमागे उभे होते, खांद्यावर पंचा. मी समोरच्या उंच स्टुलावर.

“समजा मी गिऱ्हाईक आहे,” मी म्हटलं. “मला पुरे झालीय. तरी आणखी एक मागतेय. तुम्ही काय म्हणाल?”

“तुझ्याकडे बघून कोणाला वाटेल तू प्यायलीस? मास्तरीण दिसतेस.”

“बाबा.”

“बरं.” त्यांनी घसा साफ केला. काउंटरवर नसलेला डाग पंचाने पुसला. “हे बघा... तुम्हाला आता... म्हणजे असं आहे...” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “बर्फ संपला.”

आत कांदा चिरणारा बाबी मोठ्याने हसला. “अण्णा, नापास!”

बाबी हा आमचा वेटर, आचारी आणि बाबांचा सर्वांत जुना मित्र. तो हसला म्हणून बाबाही हसले. मी हसले नाही, कारण फेरचाचणी दुसऱ्याच दिवशी होती आणि तीत नापास झाले असते तर माडबन बंद होणार होतं.

पूर्वी दारूचा परवाना मिळवायला पोलिसांचा चारित्र्याचा दाखला पुरायचा. गुन्हा नाही, थकबाकी नाही, माणूस योग्य. पण अशा स्वच्छ दाखल्याचा माणूसही गिऱ्हाइकाचा ग्लास भरत राहायचा आणि ते गिऱ्हाईक मोटरसायकल घेऊन वडाच्या बुंध्यावर आदळायचं. मग परवाना पात्रता मंडळ आलं आणि त्याच्यासोबत नकारचाचणी आली.

मी कोल्हापूरला नर्सिंग कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे तिच्यामागचं शास्त्र मला परकं नव्हतं. समोरच्याला पुरे झालंय हे मेंदू फार लवकर ओळखतो. चेहऱ्यावरून, जिभेच्या जडपणावरून, ग्लास धरण्याच्या पद्धतीवरून. पण ओळखणारा भाग वेगळा आणि ओतणारा हात थांबवणारा भाग वेगळा. ओळखणं आणि थांबवणं यांच्यामध्ये एक क्षण असतो. त्या क्षणात कपाळाच्या मागे, मध्यावर, एक संथ लय उठते आणि डोळ्यांच्या बाहुल्या रुंदावतात. कोणाचा हा क्षण पापणी लवण्याइतका असतो. कोणाचा इतका लांबतो, की तोवर पेग भरून झालेला असतो. याला ‘नकारांतर’ म्हणतात. डोक्याला मऊ पट्टा बांधतात, डोळ्यांवर भिंग चढवतात, समोर यंत्राने घडवलेली गिऱ्हाइकं येऊन बसतात आणि पट्टा हे अंतर मोजतो.

पट्टा आणखी एक गोष्ट मोजतो. खोटं बोलताना मेंदूला खरं दाबून धरावं लागतं आणि त्या दाबण्याची खूण उमटते. मंडळाचं म्हणणं असं, की नकार मनापासून हवा आणि समोरच्याला कळेल असा हवा. सबब सांगून टाळलेलं गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं.

यात चूक काढावी असं मला काही दिसत नव्हतं. जिथे चाचणी आधी सुरू झाली, तिथले अपघात कमी झाले होते. आकडे मी स्वतः वाचले होते.

बाबांचं नकारांतर उत्तम होतं. तरुण परवानेवाल्यांनाही जमणार नाही इतकं कमी. ते नापास झाले एका शब्दावर.

त्या शब्दाची गोष्ट अशी. माडबन सुरू झालं तेव्हा बाबांचे शाळेतले गुरुजी तिथे येऊन बसत. एका संध्याकाळी त्यांना जास्त झाली. ज्यांनी आपल्याला मुळाक्षरं गिरवायला लावली, त्यांना ‘तुम्हाला पुरे’ कसं म्हणायचं? बाबा म्हणाले, “गुरुजी, बर्फ संपलो.” मागे भुशात, गोणपाटाखाली आख्खी लादी होती आणि ती गुरुजींना दिसत होती. त्यांनी बाबांकडे पाहिलं, ग्लास टेबलावर उलटा ठेवला आणि बसून राहिले. बाबा म्हणाले, “घराक जावा.” मग ते उठले.

तेव्हापासून वेंगुर्ल्याच्या बंदर रस्त्यावर ती रीत झाली. अण्णा आरोंदेकरांनी ‘बर्फ संपलो’ म्हटलं, की ग्लास उलटा करायचा. ‘घराक जा’ म्हटलं, की उठायचं. बर्फाशिवाय कोरी पिणाराही तेच करी आणि बिअरवालाही तेच करी. कोणाचा अपमान होत नसे. बाबा स्वतः थेंबही घेत नसत, पण कोणाला कधी पुरे होतं हे त्यांच्याइतकं त्या रस्त्यावर कोणाला कळत नव्हतं.

चाचणीतल्या गिऱ्हाइकाला मात्र ही रीत ठाऊक नव्हती. बाबांनी त्याला सांगितलं, बर्फ संपला. पट्ट्याने नोंदवलं, खोटं. आणि गिऱ्हाईक म्हणालं, “चालेल, बर्फाशिवाय द्या.”

बाबांच्या उभ्या आयुष्यात असं उत्तर कोणी दिलं नव्हतं. दुसरा नकार त्यांच्याजवळ नव्हता. त्यांनी ओतलं.

कुडाळच्या त्या केंद्रातूनच त्यांनी मला फोन केला होता. माझ्याशी ते नेहमी शुद्ध बोलत, साहेबांशी बोलावं तसं. मी लहानपणीच शिकायला कोल्हापूरला मावशीकडे गेले आणि परत आले ती शुद्ध बोलतच. पुढे आमच्यात तेच राहिलं. बाबीशी मालवणी, गिऱ्हाइकांशी मालवणी, माझ्याशी पुस्तकी. फक्त फार थकले, की एखादा ‘गो’ निसटायचा. त्या दिवशी फोनवर म्हणाले, “नापास झालो.” मग म्हणाले, “खूप दमलंय गो.”

म्हणून मी रजा टाकून आले होते.

संध्याकाळी नंदू तांडेल आला. पावसाळी मासेमारी बंदी चालू होती, होड्या वर ओढलेल्या होत्या आणि नंदूला दिवस खायला उठत होता. तो एक संपवून दुसरी, दुसरी संपवून तिसरी. मी कोपऱ्यातल्या टेबलाशी पुस्तक उघडून बसले होते, पण बाबांकडेच बघत होते. नंदूने चौथ्यासाठी बोट वर केलं तेव्हा बाबांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी ओठांनी नुसतं दाखवलं : देणार नाही.

“नंदू,” बाबा म्हणाले. थांबले. “मी तुला...”

“काय झाला अण्णा? तब्येत बरी आसा मा?”

“बर्फ संपलो रे.”

“मगे तसा सांगा ना. मी म्हटलंय, काय ता.” नंदूने ग्लास उलटा केला आणि माझ्याकडे बघून हसला. “चेडू इलाहा म्हणान साहेबासारखे बोलाक लागलास.”

“घराक जा.”

तो गेला. त्याच्या ग्लासाखाली पाण्याचा गोल उमटला होता. बाबांनी तो पुसला आणि माझ्या टेबलाशी येऊन बसले.

“उद्या जमलं नाही तर...” ते म्हणाले. “मला जमलं नाही, तर वारस म्हणून तुला चाचणी देता येते. तुझा भाऊ काही मस्कतहून यायचा नाही. तू देशील?”

“बघू,” मी म्हटलं.

बाबा मान हलवून उठले. आमच्या घरात ‘बघू’चा अर्थ काय होतो, ते दोघांनाही माहीत होतं.

सकाळी ते पहिल्या चाचणीला घातलेलाच चौकड्यांचा शर्ट इस्त्री करून, घालून तयार झाले. चप्पल घालायला ओसरीवर बसले. मी आतून छत्री घेऊन आले तेव्हा एक चप्पल पायात होती, दुसरी हातात होती आणि मान भिंतीला टेकली होती. हृदय. डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल.

माझा भाऊ हर्षल निघाला, पण मस्कतहून येणार होता. तोवर बाबांना ठेवायला हवं होतं. बाबीने माडबनातल्या सगळ्या लाद्या घरी आणल्या. टोच्याने फोडून, गोणपाटात घालून त्याने त्या बाबांच्या दोन्ही बाजूंनी लावल्या. हे सगळं तो करत होता आणि मी त्याच्या हातांकडे बघत होते. मासेमारी बंद, म्हणून बंदरावरचा बर्फाचा कारखाना बंद. लाद्या कुडाळहून यायच्या. ओहोळाला पाणी आलं आणि टेम्पो पलीकडेच अडकला.

दुपारनंतर बाबी दारात येऊन उभा राहिला. त्याचा शर्ट छातीपर्यंत भिजला होता.

“ताई,” तो म्हणाला, “बर्फ संपलो.”

म्हटल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण काय म्हणालो. त्याने चौकट धरली. ओसरीवर बसलेल्या लोकांनी, त्यांत नंदूही होता, माना खाली घातल्या. कोणीतरी हुंदका दिला.

हर्षलसाठी थांबता आलं नाही.

उचलण्याआधी आत्या माझ्या कानाशी म्हणाली, “काय बोलाचा आसात ता बोलान घे गो. मगे ऱ्हवता.” मागाहून राहून जातं, हे मलाही कळत होतं. मी बाबांच्या पायांवर हात ठेवला. पाय गार होते आणि ओले होते. मला शुद्ध मराठीत एकही वाक्य सुचेना आणि दुसऱ्या भाषेत मी त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. माणसं थांबली होती. मी बाजूला झाले.

हर्षल आला तेव्हा राख थंड झाली होती. तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. बाराव्यानंतर म्हणाला, “परवाना कंपनीकडे जाऊ दे. तुला कशाला तो चिखल?”

कंपनी म्हणजे नळवाले. त्यांच्या बारमध्ये ओतणारा माणूसच नसतो. मनगट नळाखाली धरायचं, नळ रक्तातली दारू मोजतो आणि मर्यादा भरली की ओतायचा थांबतो. माणूस नाही म्हणून चाचणी नाही. वारस चाचणीला आला नाही किंवा नापास झाला, तर त्या हद्दीतला परवाना आपोआप त्यांच्याकडे जातो.

“त्यात वाईट काय?” हर्षल म्हणाला. “नळ चुकत नाही.”

“नंदूने कुडाळच्या नळाला लाथ घातली,” मी म्हटलं. “मग शेजारच्या टपरीमागे क्वार्टर घेऊन बसला. माणसांनी उचलून आणला.”

“तू नंदूसाठी नोकरी सोडणार?”

मी ‘बघू’ म्हणणार होते. शब्द तोंडात आला तेव्हा समोर ती ओसरी होती आणि भिंतीला टेकलेली मान. “चाचणी देणार आहे,” मी म्हटलं. हर्षल तिकिटाची चौकशी करायला बाहेर गेला.

बाबी मला कुडाळला घेऊन गेला. वाटेत एकदाच बोलला. “ताई, अण्णांसारख्या बोला नुको. मशीनीक खपाचा नाय.”

केंद्रात खराखुरा काउंटर होता. बाटल्यांत रंगीत पाणी. परीक्षक डॉ. धांडे मूळच्या यवतमाळच्या, माझ्याच वयाच्या, शांत आवाजाच्या. पट्टा बांधताना त्यांनी माझे केस हलक्या हाताने बाजूला केले.

“मनोहर आरोंदेकर तुमचे वडील?” त्यांनी विचारलं. “त्यांची चाचणी मीच घेतली होती. नापास झाल्यावर त्यांनी मला ग्लास उलटा करून तुमच्याकडची रीत दाखवली होती. मला वाईट वाटलं. दोन्हीचं.”

मी मान हलवली.

“तीन गिऱ्हाइकं येतील. ठरलेलं वाक्य नाही, पण नकार खरा हवा आणि समोरच्याला कळायला हवा. एवढं झालं की पास. तिसरं गिऱ्हाईक यंत्र निवडतं. सुरुवातीला तुम्हाला ओळखीचे, अनोळखी चेहरे दाखवले, त्यांतून. ज्याला नाही म्हणणं तुम्हाला सगळ्यांत जड जाईल, तो चेहरा. संमती तुम्ही दिलीये. मागे घ्यायची तर आत्ता घ्या, पण मग चाचणी अपुरी धरली जाईल.”

मला वाटलं नंदू येईल. किंवा हर्षल.

“चालू करा,” मी म्हटलं.

पहिला एक तरुण, गोव्याहून परतणारा, हातात गाडीची किल्ली. “मी देणार नाही,” मी म्हटलं. डॉ. धांडेंच्या पडद्यावर दोन रेषा होत्या, एक शब्दाची, एक मनाची. दोन्ही जवळ जवळ चालल्या. दुसरी एक बाई, रडत होती, घरी जायचं नाही म्हणत होती. तिला नाही म्हणायला वेळ लागला, पण म्हटलं.

मग दार उघडलं आणि बाबा आत आले.

चाचणीच्या दिवशीचा तो चौकड्यांचा शर्ट. ते काउंटरच्या पलीकडे स्टुलावर बसले. मी त्यांना त्या बाजूला कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या हातात रिकामा ग्लास होता आणि डोळे जड झाले होते. बाबा प्यायले असते तर कसे दिसले असते, ते यंत्राने काढलं होतं आणि बरोबर काढलं होतं.

“नमस्कार,” ते म्हणाले. “मला आणखी एक पेग द्यावा.”

माझा श्वास सुटला. ही भाषा त्यांची साहेबांशी बोलायची होती; माझ्याशी कितीही शुद्ध बोलले तरी ते ‘द्यावा’ म्हणत नसत. यंत्राने त्यांच्याच चाचणीच्या चित्रणातून त्यांना घडवलं होतं आणि चाचणीत ते शुद्ध बोलले होते. हे बाबा नव्हते.

“मी देणार नाही,” मी म्हटलं.

“कृपा करून द्यावा.”

“नाही. तुम्हाला पुरे झालंय.”

शब्दाची रेषा सरळ होती. मनाची खाली, जरा लांबून चालली होती. डॉ. धांडेंनी हातानेच खूण केली, अजून संपलेलं नाही. गिऱ्हाईक उठेपर्यंत संपत नाही.

बाबांनी तळहात काउंटरवरून फिरवला, नसलेला डाग पुसावा तसा. मग वर पाहिलं.

“खूप दमलंय गो,” ते म्हणाले. “एकच दी.”

त्या दिवशी फोन करताना त्यांच्या डोक्यावर पट्टा तसाच असणार. चित्रण चालू राहिलं असणार. मला हे सगळं कळत होतं. आवाज कुठून आला, तो कसा जोडला, सगळं. आणि माझा हात बाटलीवर होता. मी ती उचलली. काचेला काच लागल्याचा आवाज झाला. मी विद्यार्थ्यांना शिकवते तो क्षण हाच : ओळखून झालंय आणि हात थांबलेला नाही. बाटलीतलं रंगीत पाणी तोंडाशी आलं होतं.

‘देणार नाही’ म्हणायला मी तोंड उघडलं. ते वाक्य कोणालाही म्हणता येतं. गाडीची किल्ली घेऊन आलेल्या पोराला म्हणता येतं. तीच पुस्तकी भाषा घेऊन मी त्यांच्या पायांशी उभी राहिले होते आणि तेव्हाही ती कामाला आली नव्हती.

मी बाटली खाली ठेवली.

“बर्फ संपलो, बाबा.”

माझा आवाज मला ओळखू आला नाही. डॉ. धांडे चटकन पडद्याकडे वळल्या. याच शब्दावर त्यांनी एका माणसाला नापास केलं होतं. त्या खोटं शोधत होत्या. शब्दाची रेषा आणि मनाची रेषा यांच्यात अंतर नव्हतं, एकच रेषा दिसत होती.

“हे कसं...” त्या हळूच म्हणाल्या आणि थांबल्या.

मला बाबी दिसत होता, दाराची चौकट धरून, छातीपर्यंत भिजलेला.

काउंटरपलीकडे बाबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘बर्फाशिवाय दे’ ते म्हणाले नाहीत. त्यांनी ग्लास सावकाश उलटा केला आणि काउंटरवर ठेवला. पण उठले नाहीत. दोन्ही हात मांडीवर घेऊन ते बसून राहिले, गुरुजी बसत तसे, नंदू बसतो तसे. रीत अर्धी झाली होती. अर्धं माझ्याकडे होतं.

आत्या म्हणाली होती, मगे ऱ्हवता.

“घराक जावा,” मी म्हटलं.